अ‍ॅनचे आईबाबा : एक निदान, एक घर आणि वीस वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इयरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

आज सुरुवात एका फोटोपासून करू. साल १९३३. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं बेनोदे नावाचं गाव, समुद्रकिनारा, उन्हाळ्याची सुट्टी. वाळूत खुर्ची टाकून एक उंचच उंच माणूस बसलाय. बीचवर आलाय तोही चक्क सूट घालून! त्याच्या मांडीवर पाच वर्षांची एक मुलगी आहे. तो तिच्याकडे बघतोय, आणि आजूबाजूला कोण आहे याची त्याला फिकीर दिसत नाही.

हा माणूस म्हणजे शार्ल द गॉल. दुसऱ्या महायुद्धात 'फ्रान्स हरलेला नाही' असं लंडनहून रेडिओवर ठणकावून सांगणारे जनरल, आणि पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष. पॅरिसच्या सगळ्यात मोठ्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. इतिहासाच्या पुस्तकातले द गॉल म्हणजे ताठ, हट्टी आणि कुणाला जवळ न येऊ देणारे. चर्चिल आणि रूझवेल्ट दोघंही त्यांच्यापुढे वैतागले होते.

मांडीवरची मुलगी म्हणजे त्यांची धाकटी लेक अ‍ॅन. तिला डाउन सिंड्रोम होता.

आजची गोष्ट अ‍ॅनची आहे, आणि तिच्या आईबाबांची. दोघंही श्रद्धाळू कॅथलिक. श्रद्धा म्हटलं की आपल्याला आधी नवस आठवतो, चमत्कार आठवतो. या गोष्टीत चमत्कार नाही. अ‍ॅन बरी झाली नाही, कारण ती बरी होण्याची गोष्टच नव्हती. मग वीस वर्षं या दोघांच्या श्रद्धेनं नेमकं केलं काय? चला, बघू.

ट्रीअर, १ जानेवारी १९२८

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या ऱ्हाइन नदीकाठच्या प्रदेशात फ्रान्सचं सैन्य तळ ठोकून होतं. तिथल्या ट्रीअर शहरात मेजर द गॉल एका बटालियनचे प्रमुख होते. सोबत पत्नी यव्हॉन आणि दोन मुलं होती, सहा वर्षांचा फिलिप आणि तीन वर्षांची एलिझाबेथ. १९२८ च्या नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तिसरं बाळ जन्माला आलं. तीच अ‍ॅन.

काहीतरी वेगळं आहे हे घरच्यांना लवकरच कळलं. त्या काळात निदानासाठी रक्ताची तपासणी वगैरे काही नव्हतं. चेहऱ्याची ठेवण, डोळ्यांचा आकार, सैल स्नायू, उशिरा बसणं, उशिरा चालणं, एवढ्यावरून डॉक्टर सांगायचे. आणि सांगायचे तेही एका अपमानकारक शब्दात. १८६६ साली जॉन लँगडन डाउन या इंग्लिश डॉक्टरनं या मुलांचं पहिलं नीट वर्णन केलं, पण करताना त्यांच्या चेहऱ्याची तुलना मंगोलियाच्या लोकांशी केली. पुढची शंभर वर्षं वैद्यकाच्या पुस्तकांत या मुलांना 'मंगोल' म्हटलं गेलं. एका आजाराला अख्ख्या देशाचं नाव! शेवटी मंगोलियानंच हरकत घेतली आणि १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो शब्द सोडला.

आईबाबांना धक्का बसला का? बसलाच. यव्हॉन यांनी एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्राबद्दल त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या पत्राचा मथितार्थ असा : अ‍ॅन जर इतर मुलींसारखी होणार असेल, तर आम्ही तब्येत, पैसा, बढती, करिअर, सगळं सोडून द्यायला तयार आहोत. हे एका श्रद्धाळू आईचं पत्र आहे, बरं का! 'देवाची इच्छा' म्हणून हसत हसत सगळं स्वीकारलं, असं काही झालं नाही. दुःख होतंच. ते पुसून टाकायला त्यांनी श्रद्धा वापरली नाही.

दोष कुणाचा?

असं मूल जन्माला आलं की घरात एक प्रश्न सगळ्यात आधी शिरतो. कुणामुळे झालं? आजही शिरतो. त्या काळात तर डॉक्टरच त्या प्रश्नाला खतपाणी घालत होते. खुद्द लँगडन डाउन यांना वाटायचं की आईवडिलांच्या क्षयरोगामुळे असं होतं. नंतर कुणी सिफिलिसवर बोट ठेवलं, कुणी दारूवर. म्हणजे निदान झालं की आईबापांच्या चारित्र्यावरच शंका! त्यामुळे ज्यांना परवडायचं ते मुलाला गुपचूप संस्थेत ठेवायचे आणि परत त्याचं नाव काढायचे नाहीत. भावंडांच्या लग्नात अडचण नको, नवऱ्याच्या बढतीत अडचण नको, हा हिशोब.

द गॉल यांच्याकडे सैन्यातली चढती कारकीर्द होती आणि दोन्ही बाजूंनी प्रतिष्ठित घराणी होती. अ‍ॅनला लांब ठेवायला कारणं भरपूर होती. त्यांनी तिला घरीच ठेवलं.

तिच्यासाठी एक सांभाळणारी बाई नेमली होती, आणि हे इथेच सांगायला हवं. असा आधार परवडणं हे नशीब होतं, सगळ्यांना ते मिळत नाही. या दोघांनाही ते पुरेपूर ठाऊक होतं. पुढे गोष्टीत हे परत येईल.

तिच्यासाठी घर

सैनिकाचं बिऱ्हाड पाठीवर. ट्रीअर, बैरूत, पॅरिस, अशा बदल्या चालूच होत्या. अ‍ॅनला मात्र शांत जागा हवी होती. गर्दी नाही, टक लावून बघणारे डोळे नाहीत, आणि मोकळं फिरायला झाडं. म्हणून १९३४ साली या जोडप्यानं पूर्व फ्रान्समधल्या कोलोंबे-ले-दोझ-एग्लीझ नावाच्या छोट्याशा गावात, मोठी बाग असलेलं एक जुनं घर घेतलं. गावाच्या नावाचा अर्थच 'दोन चर्चचं कोलोंबे'. घराचं नाव ला ब्वासरी.

हातात रोख पैसा फार नव्हता. म्हणून फ्रान्समधली एक जुनी पद्धत वापरली. थोडी रक्कम आधी द्यायची आणि उरलेली घर विकणाऱ्या म्हाताऱ्या मालकिणीला, ती जिवंत असेपर्यंत, दरवर्षी हप्त्यानं. पुढे हेच घर फ्रान्सच्या राजकारणातलं सगळ्यात प्रसिद्ध घर झालं. आज तिथे म्युझियम आहे. पण ते घेतलं तेव्हा सगळ्यात मोठं कारण होतं एका सहा वर्षांच्या मुलीला लागणारी शांतता.

आणि घरात काय चालायचं? बाहेर ज्यांच्यापुढे अधिकारी चळाचळा कापायचे, ते द गॉल घरी आले की अ‍ॅनला मांडीवर घ्यायचे, गाणी म्हणायचे, गोष्टी सांगायचे. त्यांची लष्करी टोपी हे तिचं खेळणं होतं. तिचा हात धरून ते बागेत फेऱ्या मारायचे. अ‍ॅनला फार शब्द येत नव्हते. जो एक शब्द ती स्पष्ट म्हणायची तो 'पापा', असं घरचे सांगत.

१९४० मध्ये लढाई चालू असताना द गॉल आपल्या तुकडीच्या लष्करी धर्मगुरूशी अ‍ॅनबद्दल मोकळेपणानं बोलले. तिचा जन्म ही आम्हा दोघांची परीक्षा होती, पण ती माझा आनंद आहे, आणि अपयश असो की मानमरातब, त्या सगळ्यांच्या वर बघायला ती मला मदत करते, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. हे नीट बघा. देवानं माझी परीक्षा घेतली एवढ्यावर ते थांबत नाहीत. ही मुलगी मला काहीतरी देते, असंही म्हणतात. दयेचं नातं एकाच बाजूनं चालतं. इथे देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं.

त्याच वेळी शेजारी

आता जरा नकाशावर मागे जाऊ, अ‍ॅनचा जन्म झाला त्या जर्मनीत. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. १८ ऑगस्ट १९३९ ला सरकारनं डॉक्टर आणि सुइणींना गुप्त आदेश काढला. नवजात बाळं आणि तीन वर्षांखालची मुलं यांच्यात काही ठरावीक आजार दिसले तर कळवायचं. त्या यादीत अ‍ॅनला जो आजार होता तो नावानिशी होता. कळवलेल्या मुलांना 'खास उपचारां'साठी हलवलं जायचं आणि तिथे औषधाचा जादा डोस देऊन किंवा उपाशी ठेवून मारलं जायचं. किमान ५,००० मुलं अशी मारली गेली. मोठ्या माणसांसाठी वेगळी मोहीम होती. तिच्यात ऑगस्ट १९४१ पर्यंत ७०,००० हून जास्त माणसं गॅसनं मारली गेली.

म्हणजे ट्रीअरमध्ये अ‍ॅन बारा वर्षं उशिरा, एखाद्या जर्मन घरात जन्मली असती, तर तिचं नाव त्या फॉर्मवर गेलं असतं.

बरं, हा विचार फक्त नाझींचाच होता का? नाही. अलेक्सी कॅरेल हे फ्रेंच शास्त्रज्ञ, नोबेल विजेते. लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्री १९०२ साली आजारी मुलगी बरी होताना आपण पाहिली, असं सांगणारे. त्याच कॅरेल यांनी १९३५ च्या आपल्या तुफान खपाच्या पुस्तकात गुन्हेगार आणि काही मनोरुग्ण यांना गॅसनं संपवणाऱ्या संस्थांची कल्पना मांडली. चमत्कारावर विश्वास होता, पण दुबळ्या माणसाच्या जगण्यावर नव्हता! देव मानणारे सगळे एका बाजूला उभे होते असं समजू नका.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. ३ ऑगस्ट १९४१ ला म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स ऑगस्ट फॉन गालेन यांनी चर्चमध्ये उभं राहून या हत्यांचा जाहीर निषेध केला. भाषणाच्या प्रती हातोहात जर्मनीभर पसरल्या. त्याच महिन्यात हिटलरनं गॅसची मोहीम थांबवायला सांगितलं. लहान मुलांच्या हत्या मात्र गुपचूप चालू राहिल्या.

जून १९४०

मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या होत्या. द गॉल विमानानं लंडनला गेले. यव्हॉन तिन्ही मुलांना घेऊन ब्रिटनीत समुद्रकाठी होत्या. त्यांना आणायला ब्रिटिशांनी एक छोटं विमान पाठवलं. ते वाटेतच कोसळलं आणि आतले चौघंही गेले. यव्हॉन यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या तीन मुलं आणि अ‍ॅनला सांभाळणारी बाई यांना घेऊन ब्रेस्ट बंदरात पोचल्या आणि इंग्लंडला जाणारी बोट पकडली. १८ जूनला द गॉल यांचं ते प्रसिद्ध रेडिओ भाषण झालं. दुसऱ्या दिवशी कुटुंब इंग्लंडच्या फॅलमथ बंदरात उतरलं.

डोळ्यांपुढे आणा. देश पडतोय, नवरा कुठे आहे पक्कं माहीत नाही, रस्त्यांवर लाखो निर्वासित, आणि सोबत बारा वर्षांची मुलगी, जिला गोंगाट सहन होत नाही आणि काय चाललंय हे समजावून सांगता येत नाही. अ‍ॅन मागे राहिली असती तर? ताब्यात गेलेल्या फ्रान्समध्ये युद्धाच्या काळात मनोरुग्णालयांतली सुमारे ४५,००० माणसं उपासमार आणि त्यातून आलेल्या आजारांनी मेली. तिथे गॅस लागला नाही. रेशन कमी पडलं, आणि या लोकांसाठी भांडायला कुणी नव्हतं.

कुटुंब आधी लंडनजवळ राहिलं. पण बॉम्बहल्ल्यांच्या आवाजानं अ‍ॅन घाबरायची, म्हणून यव्हॉन तिला घेऊन लांब श्रॉपशर भागात गेल्या. १९४३ मध्ये द गॉल यांचं मुख्यालय अल्जिअर्सला हललं, तेव्हा मायलेकीही तिकडे गेल्या. एव्हाना द गॉल यांना फ्रान्समधल्या विशी सरकारच्या लष्करी कोर्टानं देहदंडाची शिक्षा सुनावलेली होती. अशा धावपळीतही अ‍ॅनला कुठेतरी ठेवून द्यावं, असं झालं नाही.

'आमच्यानंतर हिचं काय?'

ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांना रात्री झोपू न देणारा प्रश्न एकच असतो. आज आम्ही आहोत, आमच्या माघारी हिचं काय? हा प्रश्न मुंबईत असो की पॅरिसमध्ये, सारखाच.

द गॉल दांपत्यानं या प्रश्नावर नुसती प्रार्थना केली नाही. युद्ध संपल्यावर लगेच, ऑक्टोबर १९४५ मध्ये यव्हॉन यांनी पॅरिसच्या नैर्ऋत्येला, मिलों-ला-शापेल इथे एक जुना वाडा घेतला आणि अ‍ॅनच्या नावानं संस्था उभी केली. कुणासाठी? बौद्धिक अपंगत्व असलेल्या आणि ज्यांच्या घरी पैसा नाही अशा तरुण मुलींसाठी. नन्स तिथे मुलींची काळजी घ्यायच्या. मघाशी नशिबाबद्दल बोललो ना, ते इथे परत आलं. आपल्या मुलीला जे मिळालं ते ज्यांना परवडत नाही त्यांनाही मिळावं, हा विचार.

पुढे द गॉल यांनी आपल्या युद्धाच्या आठवणींच्या पुस्तकांचं मानधन या संस्थेकडे वळवलं. संस्थेचा हिशोब बघायला त्यांनी आपल्या विश्वासातला एक तरुण माणूस नेमला, जॉर्ज पॉम्पिदू. हेच पॉम्पिदू पुढे १९६२ मध्ये पंतप्रधान आणि १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

जानेवारी १९४६ मध्ये द गॉल यांनी सत्ता सोडली आणि काही महिन्यांनी कोलोंबेच्या घरी परतले. राजकारणी म्हणून तो पराभव होता. बाप म्हणून त्यांना अ‍ॅनसोबत जवळजवळ दोन वर्षं मिळाली. ६ फेब्रुवारी १९४८ ला न्यूमोनियानं अ‍ॅन गेली. वय वर्षं वीस. त्या काळात डाउन सिंड्रोमच्या बहुतेक मुलांना इतकं आयुष्यही मिळत नसे.

दफन झाल्यावर द गॉल यव्हॉन यांना म्हणाले की आता ती इतरांसारखी झाली, असं सांगतात. मैत्रिणीला लिहिलेलं ते पत्र आठवतंय? 'इतर मुलींसारखी' हेच तर आईनं मागितलं होतं. मागणं पूर्ण झालं ते कबरीपाशी, आणि तेही ज्यांचा मृत्यूनंतरच्या जीवनावर विश्वास आहे त्यांच्यापुरतंच. बाकीच्यांना ते वाक्य वेगळं ऐकू येईल. दोन्ही खरं आहे.

अ‍ॅन आईबाबांच्या आधी गेली. 'आमच्यानंतर काय' हा प्रश्न त्यांच्यापुरता संपला. पण संस्था त्यांनी बंद केली नाही. ती आजही चालू आहे.

जानेवारी १९५९

८ जानेवारी १९५९ ला द गॉल यांनी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रं हाती घेतली. त्याच महिन्यात, त्याच पॅरिसमध्ये, २६ तारखेला विज्ञान अकादमीपुढे एक छोटा शोधनिबंध आला. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे कळूनच जेमतेम तीन वर्षं झाली होती. या निबंधात म्हटलं होतं की डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या पेशींत ४७ दिसतात. जादाचं गुणसूत्र २१ व्या जोडीतलं.

त्यावर नावं तीन होती, जेरोम लेजन, मार्त गोतिए आणि रेमों त्युरपॅं. पेशी वाढवण्याचं तंत्र प्रयोगशाळेत उभं केलं होतं गोतिए यांनी, पण निबंधात त्यांचं आडनावही चुकीचं छापलं गेलं आणि श्रेय बराच काळ लेजन यांनाच मिळत राहिलं. हा एक वेगळ्या भागाचा विषय आहे.

आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं हे. तो जादा तुकडा बहुतेक वेळा पेशी तयार होतानाच्या एका योगायोगानं येतो. क्षय नाही, दारू नाही, पाप नाही. दोष कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर अ‍ॅन गेल्यावर अकरा वर्षांनी मिळालं : कुणाचाच नाही. तिच्या आईबाबांनी मात्र हे उत्तर हातात नसतानाच तिला सांभाळलं होतं.

(२१ मार्च हा जागतिक डाउन सिंड्रोम दिवस का असतो, हे आता लक्षात आलं असेल. २१ वं गुणसूत्र, तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख.)

एक कबर

१६ जानेवारी १९५२ ला द गॉल यांनी आपल्या अंत्यविधीबद्दल एक चिठ्ठी लिहून पॉम्पिदूंकडे ठेवायला दिली. सरकारी इतमाम नको, मंत्री नकोत, भाषणं नकोत. कोलोंबेला दफन करा, आणि कबर तीच, जिथे माझी मुलगी अ‍ॅन आहे आणि एक दिवस माझी बायको असेल. दगडावर फक्त नाव आणि सालं.

९ नोव्हेंबर १९७० ला ते गेले. तीन दिवसांनी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये जगभरातले राष्ट्रप्रमुख श्रद्धांजलीसाठी जमले. पण शवपेटी तिथे नव्हतीच. ती कोलोंबेला होती, गावकरी आणि जुने सहकारी यांच्यामध्ये. फ्रान्सच्या थोर माणसांसाठी पॅरिसमध्ये पँथिऑन नावाची भव्य इमारत आहे. द गॉल यांनी लेकीच्या शेजारची जागा निवडली. १९७९ मध्ये यव्हॉनही तिथेच विसावल्या.

तर मंडळी, श्रद्धेनं अ‍ॅनचं निदान बदललं नाही. तिनं ठरवलं ते एवढंच : मूल कुठे राहील, सुट्टीला सोबत येईल की नाही, पळून जायची वेळ आली तर बोटीत तिची जागा असेल की नाही, आणि पैसा कुठे जाईल. ही सगळी रोजच्या व्यवहारातली उत्तरं आहेत, आणि वीस वर्षं ती एकाच बाजूनं पडत गेली.

तुमच्या ओळखीत, नात्यात असं एखादं घर असेल, तर हा भाग त्यांना पाठवण्याआधी एक करा. त्यांच्याकडे जा, आणि त्या मुलाशी किंवा मुलीशी थेट बोला, नावानं हाक मारून. आईबाबांना काय वाटतं ते मग आपोआप कळेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.